दुसरी सही

पहाटे ४:५०

रात्रभर पाऊस पडून गेलाय. विमानं मुख्य धावपट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उतरत असली की ती घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरूनच खाली येतात. चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन-तीन तरी दिसतात. चाकं खाली, फ्लॅप उघडलेले, दिवे लागलेले. शेजाऱ्यांना त्या आवाजाचा त्रास होतो आणि त्यांची तक्रार खरीही आहे. मला मात्र तो ऐकून बरं वाटतं. चाकं आणि फ्लॅप बाहेर आलेत म्हणजे त्यांना ढकलणारं तेल जागेवर आहे.

मी विमान देखभाल इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात ‘एएमई’ म्हणतात. लायसन्स डीजीसीएचं, बी-१ वर्गाचं: सांगाडा, इंजिन, चाकं, हायड्रॉलिक, आणि विमान वळवणारी-उचलणारी यंत्रणा. विमान उडायला योग्य आहे, अशी सही वैमानिकाच्या आधी आमच्यापैकी कुणाची तरी असते.

५:४०

घाटकोपरहून मेट्रो. पहिल्या गाड्यांना गर्दी असते ती आमच्यासारख्यांचीच: सफाईवाले, सिक्युरिटीवाले, केटरिंगवाले. गाडी जागृतीनगर, असल्फा करत पुढे सरकते. घाटकोपर पश्चिमेला सर्वोदयनगरात जीवदया लेन आहे. २८ जून २०१८ ला भर दुपारी तिथे एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी किंग एअर सी-९० हे छोटं विमान कोसळलं. दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी ते जुहूहून उडालं होतं. आत चौघं होते: दोन वैमानिक, एक इंजिनिअर, एक तंत्रज्ञ. चौघंही गेले, आणि रस्त्यावरचा एक माणूसही गेला. चाचणीच्या उड्डाणात आपल्या कामावर स्वतः बसायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. त्या दिवसापासून त्या गल्लीतून जाताना माझा पाय आपोआप हळू पडतो.

मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रोने एकच स्टेशन, टर्मिनल २. तिथून गेट, पास, सीआयएसएफची तपासणी. हत्यारांची पेटी उघडून मोजून दाखवायची. बाहेर येतानाही मोजायची. एक स्पॅनर कमी निघाला तर तो सापडेपर्यंत ज्या विमानावर काम केलं ते हलत नाही.

७:००

हँडओव्हर. रात्रपाळीचा इन्चार्ज तांबारलेल्या डोळ्यांनी एकेक ओळ वाचून दाखवतो. आपण नुसतं ऐकायचं नाही, कार्ड हातात घेऊन बोट ठेवत जायचं. ‘झालंय’ आणि ‘होत आलंय’ यांतला फरक इथेच हरवतो.

आज यादीत एक काम ठळक आहे. ए-३२० विमानाच्या डाव्या एलेरॉनचा सर्व्हो रात्री बदललाय. पहिली सही झालीय. दुसरी बाकी आहे. ती माझी.

८:१५

एलेरॉन म्हणजे पंखाच्या टोकाशी, मागच्या कडेला असलेली हलती फळी. एका पंखावरची वर, दुसऱ्यावरची खाली गेली की विमान कुशीवर वळतं. ए-३२० मध्ये प्रत्येक एलेरॉनला दोन सर्व्हो असतात. एक हिरव्या हायड्रॉलिकवर चालतो, दुसरा निळ्यावर. तिसरी प्रणाली पिवळी. हिरवी एका इंजिनावर, पिवळी दुसऱ्यावर, निळी विजेच्या पंपावर. आणि सगळंच बंद पडलं तर पोटातून एक छोटा पंखा वाऱ्यात बाहेर येतो आणि निळीला जिवंत ठेवतो. रडरला तिन्ही प्रणाली पोचतात. दाब ३००० पीएसआय, मोटारीच्या टायरच्या सुमारे नव्वदपट.

विमान वळवणाऱ्या भागांवरचं कुठलंही काम दोन माणसांनी, वेगवेगळं, आपापल्या डोळ्यांनी तपासायचं असतं. याला आम्ही ‘डुप्लिकेट’ म्हणतो. पहिल्याने काय केलं हे त्याला विचारायचं नाही. पुस्तकात काय लिहिलंय ते उघडायचं आणि विमानावर काय दिसतंय ते बघायचं.

मी शिडीवर चढते. टॉर्च, आरसा. बोल्टचं डोकं कुठल्या बाजूला, नटाला स्प्लिट पिन आहे का, तिचे पाय नीट वळवलेत का, लॉकवायर नट घट्ट होण्याच्या दिशेने ओढतेय की सैल होण्याच्या. होज कुठे पिळलाय का. जोडावर बोट फिरवून बघते. हातमोजा घालूनच, कारण हे जांभळं तेल कातडीला झोंबतं आणि डोळ्यात गेलं तर माणूस ओरडतोच. बोट कोरडं.

मग सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडचे सर्वांत जुने तंत्रज्ञ, त्यांना अख्खी पाळी मामा म्हणते, कॉकपिटमध्ये बसतात. मी पंखाखाली, कानाला हेडसेट.

“मॅडम, प्रेशर आलंय. सगळे लांब आहेत?”

“लांब आहेत मामा. स्टिक डावीकडे.”

“डावीकडे, पूर्ण.”

“डावा एलेरॉन वर. उजवा खाली. आता उजवीकडे.”

शाळेतल्या मुलालाही जमेल असं हे काम. पण ते तोंडाने बोलून, कुठली बाजू वर आणि कुठली खाली हे डोळ्यांनी बघून करायचं, याला कारण आहे.

११ नोव्हेंबर २०१८. एअर अस्तानाचं एम्ब्रेअर-१९० पोर्तुगालमधल्या अल्व्हेर्का इथे मोठी देखभाल आटोपून परत निघालं. प्रवासी नव्हते, आत सहा जण. उड्डाण होताच विमान वैमानिकांचं ऐकेना. देखभालीत एलेरॉनच्या केबल उलट्या बसल्या होत्या, त्यामुळे डावीकडे वळवायला जावं तर ते उजवीकडे कलंडायचं. जमिनीवर असताना यंत्रणेने उड्डाण-नियंत्रणाविषयी इशारा दिला होता. त्याचं कारण शोधण्यात बरेच दिवस गेले होते, पण फळी नेमकी कुठल्या बाजूला हलतेय हे कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. ढगांत ते विमान अक्षरशः गोते खात राहिलं. एका क्षणी वैमानिकांनी समुद्रात उतरवायची दिशाही मागितली. मग त्यांच्या लक्षात आलं की खोट फक्त कुशीवर वळण्यात आहे, नाक वर-खाली होतंय ते बरोबर आहे. त्यांनी यंत्रणा साध्या अवस्थेत आणली, एलेरॉन कमीत कमी हलवायला सुरुवात केली. पोर्तुगालची दोन एफ-१६ विमानं सोबतीला आली. बेजाच्या हवाईतळाकडे विमान वळवलं गेलं आणि तिसऱ्या प्रयत्नात ते टेकलं. सगळे वाचले.

मी हा अहवाल वाचला तेव्हा वैमानिकांसाठी हात जोडले. पण माझं मन अडकलं ते त्या हँगरमध्ये. तिथेही दुसरी तपासणी ठरलेली होती. जी माणसं होती ती माझ्यासारखीच, शिकलेली, लायसन्सवाली, रात्री जागलेली. एखाद्याने पंखाखाली उभं राहून मोठ्याने ‘डावा वर’ म्हटलं असतं तर ते विमान हँगरच्या बाहेर पडलं नसतं.

८:५५ ला मी सही करते. तोवर मामांची हत्यारं मोजून झालेली.

१०:००

ट्रान्झिट. विमान येतं, पस्तीस-चाळीस मिनिटांत जातं. टायर, ब्रेकच्या पिना, इंजिनाची पाती, लॉगबुक. पावसात हे सगळं दुप्पट कष्टाचं. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि ते नसणं हेच चांगलं. मुंबईच्या एका धावपट्टीवर दिवसाला नऊशेच्या वर विमानं उतरतात-उडतात. इथे एक विमान पाच मिनिटं अडकलं तर त्याची झळ पार अहमदाबाद-नागपूरवर थांबलेल्यांना लागते.

१:१०

डबा. भाकरी, मेथी. समोर नवीन शिकाऊ मुलगी बसलीय, नाशिकची. तिला तिरुचिरापल्लीबद्दल विचारायचंय. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण कधी ना कधी तेच विचारतो.

११ ऑक्टोबर २०२४. एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालं. आत सुमारे १४० प्रवासी. उड्डाणानंतर हायड्रॉलिक बिघडल्याचं कळलं. विमान अडीच तास शहराभोवती घिरट्या घालत राहिलं आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास सुखरूप उतरलं. कॅप्टन इक्रोम रिफाडली फाहमी झैनल आणि त्यांच्याशेजारी सहवैमानिक मैत्रेयी शितोळे. त्या रात्री मराठी घराघरांत ते नाव घेतलं गेलं, आमच्या घरीही.

“पण मॅडम, बिघाड झाल्यावर लगेच का नाही उतरले? अडीच तास कशाला?”

टीव्हीवर घिरट्यांचा नकाशा दाखवत ज्या आवाजात बोललं गेलं, त्याने लोकांना वाटलं की विमान असहाय भटकतंय. खरं उलट आहे. लांबच्या प्रवासाचं इंधन भरलेलं ७३७-८०० उडताना ७९ टनांपर्यंत जड असू शकतं. उतरताना मर्यादा सुमारे ६६ टनांची. या विमानाला इंधन हवेत सांडून टाकायची सोय नाही, ते जाळूनच हलकं व्हावं लागतं. त्यातून हायड्रॉलिकची एक बाजू गेलेली, म्हणजे ब्रेक आणि पंखावरचे झडप-ब्रेक यांचं बळ कमी, म्हणजे थांबायला धावपट्टी जास्त हवी. ज्या बिघाडात वेळ आहे, तिथे वेळ वापरायचा. वैमानिक तेवढा वेळ यादी वाचत असतात, गणित करत असतात, खाली अग्निशमन आणि रुग्णवाहिका लावून घेत असतात. आणि तेल पूर्ण गेलं असतं तरी ७३७ च्या एलेरॉन-एलिव्हेटरला पोलादी केबल आहेत. मनगटाच्या जोरावर ते फिरवता येतात. जड जातं, पण येतं.

तिने डब्यातला घास तसाच ठेवून वहीत लिहून घेतलं. मला ती मुलगी आवडते.

मामा मध्येच म्हणाले, “तिला अशोकाचं पण सांगा.” सम्राट अशोक हे एअर इंडियाचं पहिलं जंबो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यापलीकडे समुद्रात गेलं. २१३ माणसं. विमान कुठल्या बाजूला कललंय हे दाखवणारं कॅप्टनच्या समोरचं उपकरण चुकीचं दाखवत होतं, आणि बाहेर अंधार. सहवैमानिकासमोर दुसरं उपकरण होतं, मध्ये तिसरं. तिन्ही ताडून बघायला वेळच मिळाला नाही. त्या विमानाची चाकं-पंख सांभाळणारी माणसं याच हँगरांतून निवृत्त झाली. त्यांच्यापैकी कुणी जुनी गोष्ट काढली की अशोकापाशी येऊन गप्प होत. म्हणून मी नव्या मुलांना सांगते: तीन गोष्टी दिल्यात त्या शोभेला नाहीत. त्या एकमेकींशी ताडून बघायला दिल्यात.

२:४०

मेंटेनन्स कंट्रोलचा फोन. दक्षिणेकडून निघालेलं एक ए-३२० इकडे वळवलंय. “ग्रीन लो लेव्हल.” हिरव्या प्रणालीचं तेल गेलंय.

कागदावर ही सर्वांत वाईट अवस्था नाही. दोन प्रणाली शिल्लक आहेत, विमान व्यवस्थित वळतं. पण चाकं हिरवीवर. ती आता गुरुत्वाकर्षणावर सोडावी लागणार: कॉकपिटमधला एक दांडा तीन फेरे फिरवायचा, कुलपं सुटतात, चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडून लॉक होतात. एकदा टाकली की परत वर घेता येत नाहीत. चाकांचे दरवाजे उघडे लोंबत राहतात. या विमानात पुढच्या चाकाचं स्टिअरिंगही हिरवीवरच, तेही जातं, म्हणजे विमान धावपट्टीवर सरळ थांबेल पण स्वतःहून वळून बाहेर येणार नाही. ओढून आणावं लागेल, आणि ओढायच्या आधी आमच्यापैकी कुणाला तरी त्याच्या पोटाखाली जावं लागेल.

विमानतळाने फुल इमर्जन्सी लावलीय. मी चाकं लॉक ठेवणाऱ्या पिनांची पिशवी उचलते. तीन पिना, लाल फिती. दरवाजांच्या सिलिंडरवर लावायच्या कॉलर. ओढताना पुढचं चाक मोकळं ठेवणारी बायपास पिन. पुन्हा मोजते.

२:५५

पाऊस थांबलाय. अग्निशमनाच्या गाड्या धावपट्टीच्या कडेला इंजिनं चालू ठेवून उभ्या. या गाड्या बघितल्या की मला ६ मे २०२१ ची रात्र आठवते. नागपूरहून उडताना एका हवाई रुग्णवाहिकेचं चाकच निखळून पडलं. तेही किंग एअर सी-९०. आत रुग्णासह पाच जण. चाक पडताना नागपूरच्या विमानतळावरच्या सीआयएसएफ जवानाने बघितलं आणि लगेच कळवलं. विमान मुंबईत आणायचं ठरलं. इथे लांब धावपट्टी, मोठं अग्निशमन, जवळ इस्पितळं. धावपट्टीवर फेसाचा थर पसरला आणि रात्री नऊच्या सुमारास कॅप्टन केसरी सिंग यांनी विमान चाकांशिवाय, पोटावर उतरवलं. पाचही सुखरूप. कोविडची दुसरी लाट होती, सगळीकडून वाईटच बातम्या यायच्या. त्या रात्री आम्ही कामावर अक्षरशः टाळ्या वाजवल्या. कॅप्टनचं नाव देशभर झालं आणि ते व्हायलाच हवं. पण मला त्या जवानाचाही तितकाच अभिमान वाटतो. उडून गेलेल्या विमानाकडे तो बघत राहिला म्हणून वैमानिकांना खाली उतरण्याआधीच कळलं.

१६ जुलै २०२५ ला दिल्लीहून गोव्याला चाललेल्या इंडिगोचं एक इंजिन बिघडलं, तेव्हाही वैमानिकांनी ‘पॅन पॅन’ हा तातडीचा इशारा देत मुंबईच धरली. रात्री दहाच्या सुमारास ते इथे टेकलं. अडचणीतल्या विमानाला मुंबई जवळची वाटते, या गोष्टीचं आम्हाला ओझंही आहे आणि त्याहून जास्त समाधान आहे.

३:०८

ढगांतून दिवे दिसले. दरवाजे लोंबताना लांबूनही कळतात. टेकलं. सरळ आलं, मध्यरेषेवर थांबलं. रेडिओवर वैमानिकाचा आवाज इतका सपाट होता, जणू बस थांब्यावर लागली.

अग्निशमन अधिकाऱ्याने ब्रेकचं तापमान बघून हात केला. तापलेल्या चाकाच्या बाजूने कधी जायचं नाही, फुटलं तर बाजूलाच फुटतं.

“मॅडम, पुढून या,” मामा म्हणाले. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. तरी म्हणतात, दर वेळी, आणि मला ते हवंच असतं.

चॉक. डाव्या चाकाला पिन, उजव्याला पिन, पुढच्याला पिन. दरवाजांना कॉलर, चुकून दाब परत आला तर तो दरवाजा माणसाला मधोमध चिरडू शकतो. मामांनी माझ्या तिन्ही पिना ओढून बघितल्या, मी त्यांच्या कॉलर. टो-बार लागला. वर खिडक्यांमधून चेहरे खाली बघत होते, एक लहान मूल हात हलवत होतं. मीही हलवला. एकोणीस मिनिटांत मुख्य धावपट्टी मोकळी झाली.

४:००

पार्किंग बेवर. प्रवासी उतरून दुसऱ्या विमानाकडे गेले. सहवैमानिक तरुण होती. खाली येऊन तिने पहिला प्रश्न केला, “कुठली लाइन?”

पोटावर मागच्या बाजूला जांभळे ओघळ वाऱ्याने सरळ रेषेत ओढले गेले होते. त्यांच्या उलट दिशेने टॉर्च नेत गेलं की मूळ सापडतं. डाव्या चाकाच्या खोबणीत, वरच्या कोपऱ्यात, एक करंगळीएवढी धातूची नळी. तिला धरणाऱ्या क्लॅम्पमधलं रबर झिजलेलं. नळी शेजारच्या कंसावर घासत राहिलेली. घासल्याची चकचकीत खूण नखाएवढी, आणि तिच्या मध्ये केसासारखी चीर. सहवैमानिकेला ती दाखवली. तिने फोटो काढला नाही, नुसती बघत राहिली.

सीव्हीआरचा ब्रेकर ओढून कॉलर लावली, म्हणजे कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही. नळी कापायची नाही, पुसायची नाही. फोटो, टॅग, सील. जुन्या नोंदी मागवल्या: ही खोबण शेवटची कधी उघडली, क्लॅम्प कुणी बघितला. बोट दाखवण्यासाठी नाही. आज ताफ्यातल्या बाकी विमानांच्या याच कोपऱ्यात टॉर्च मारावा लागेल, आणि तो सांगावा संध्याकाळच्या आत गेला पाहिजे. गेला.

६:४५

हँडओव्हर लिहिते. नळी आणि क्लॅम्प स्टोअरमधून मागवलेत. मग टाकी भरणं, गळती तपासणं, विमान जॅकवर उचलून चाकं आत-बाहेर, पुन्हा आत-बाहेर, एकदा गुरुत्वाकर्षणावर. हँगर लागेल.

रात्रपाळीचा इन्चार्ज कार्ड चाळत म्हणाला, “वरून विचारतायत. सकाळी सहाच्या फ्लाइटला देता येईल?”

“नाही.”

“काम तर चारपर्यंत होईल.”

“काम होईल. तपासायला दुसरा माणूस सातला येतो.”

त्याने वाद घातला नाही. फोन उचलला आणि वर तेच सांगितलं, माझं नाव न घेता, स्वतःच्या जबाबदारीवर. मग पेन मागून घेऊन सहाच्या फ्लाइटसमोर दुसऱ्या विमानाचा नंबर टाकला.